क्रिप्टोत पैसे घालायचेत? आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवा

जुलै उजाडला की माझ्या ऑफिसात क्रिप्टोवाले, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी नाण्यांत पैसे घालणारे, यायला लागतात. मी कर सल्लागार. एरवी माझ्याकडे किराणा दुकानदार, शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले काका अशी मंडळी येतात. क्रिप्टोवाली पोरं वेगळी. फोन हातात, ॲप उघडं, आणि बसायच्या आधी प्रश्न. मागच्या हंगामात असाच एक जण आला. "सर, एका कॉइनमध्ये साठ हजार सुटले, दुसऱ्यात साठ हजार गेले. फिटंफाट. रिटर्नमध्ये काही दाखवायला नको ना?" मी आकडेमोड केली आणि कॅल्क्युलेटर त्याच्याकडे फिरवला. १८,७२० रुपये. एका रुपयाची कमाई नाही आणि एवढा कर.

पोरगा हुशार होता. ब्लॉकचेन, हाल्व्हिंग, कोल्ड वॉलेट, सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. भाव पडू शकतो हेही पक्कं ठाऊक. पण माझ्या टेबलासमोर डोक्याला हात लावून बसलेल्यांमध्ये नुसता भाव पडला म्हणून बुडालेले थोडेच. बाकी कुणाला कराने गाठलेलं, कुणाचं बँक खातं गोठलेलं, कुणाचं एक्स्चेंज (कॉइन घ्यायचं-विकायचं ॲप) बंद पडलेलं, कुणी कॉइनची किल्ली असलेला बारा शब्दांचा कागद हरवलेला. म्हणून इथे मी क्रम उलटा धरलाय. घातलेला पैसा परत आपल्या बँकेत कसा येणार, हे आधी. घ्यायचं कसं आणि किती, हे त्यानंतर.

पायरी १: कर कसा लागतो ते कागदावर मांडा

भारतात क्रिप्टो हे चलन म्हणून मान्य नाही, आणि त्यावर बंदीही नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांना या धंद्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला ते रद्द केलं. मग २०२२ च्या अर्थसंकल्पात सरकारने याला 'आभासी डिजिटल मालमत्ता' असं नाव दिलं आणि कर बसवला. बरेच जण म्हणाले, कर लावला म्हणजे मान्यता दिली. तसं काही नाही. आयकर खात्याला कमाई कुठून आली याचं सोयरसुतक नसतं.

नियम तीन, आणि तिन्ही कडक. पहिला: नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर ४ टक्के सेस. तुमचा स्लॅब कोणता, किती वर्षं धरून ठेवलंत, याला अर्थ नाही. दुसरा: विक्रीच्या रकमेतून फक्त खरेदीची किंमत वजा होते. एक्स्चेंजची फी, इंटरनेटचं बिल, घेतलेल्या कर्जाचं व्याज, काहीही नाही. तिसरा नियम माझ्या त्या पोराला भोवला. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वळता होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही.

त्याचा हिशेब असा होता. एक लाखाचं बिटकॉइन १ लाख ६० हजारांना विकलं. नफा ६०,०००. त्यावर ३० टक्के म्हणजे १८,०००, सेस ७२०. दुसरं एक कॉइन एक लाखाला घेऊन ४० हजारांना काढलं. हा साठ हजारांचा तोटा आयकर खात्याच्या लेखी जणू झालाच नाही. दोन्ही विक्रीच्या वेळी एक्स्चेंजने १ टक्का टीडीएस कापला होता, १,६०० आणि ४००. ते २,००० जमा धरून उरलेले १६,७२० त्याला पगारातून भरावे लागले.

हा १ टक्का टीडीएस दिसायला किरकोळ. तो नफ्यावर नसून विक्रीच्या पूर्ण रकमेवर कापला जातो, हे लक्षात घ्या. लाख रुपये घेऊन रोज घे-वीक करणाऱ्याने पन्नास वेळा रक्कम फिरवली, आणि भाव तसूभर हलला नाही असं धरलं, तरी शेवटी हातात सुमारे ६०,५०० उरतात. बाकीचे टीडीएस म्हणून सरकारकडे अडकतात आणि रिटर्न भरल्यावर कराच्या हिशेबात किंवा परताव्यात येतात. येतात, पण वर्षभर भांडवल बिनव्याजी पडून राहतं. रोजच्या ट्रेडिंगचं भारतात गणितच बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲपवाले काहीही म्हणोत.

एक कॉइन देऊन दुसरं घेतलं तरी ती विक्रीच धरली जाते. रुपया खात्यात आला नाही म्हणून कर लागत नाही, हा समज दर वर्षी दोन-तीन जणांचा मी मोडतो.

१९६१ च्या कायद्यात ही कलमं ११५ बीबीएच आणि १९४ एस या क्रमांकांची. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या प्राप्तिकर कायद्यात क्रमांक वेगळे आहेत, बोजा तोच.

पायरी २: मिळू काय शकतं, ते नीट समजून घ्या

सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी ३१ ऑक्टोबर २००८ ला बिटकॉइनची कल्पना मांडणारा निबंध प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा पहिला गठ्ठा, तयार झाला. तो माणूस कोण, हे आजही उघड नाही. बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांवर जाणार नाही, असं त्या प्रणालीतच बांधलेलं आहे. नवी नाणी साधारण दर दहा मिनिटांनी एका ब्लॉकमागे निघतात आणि अंदाजे चार वर्षांनी तो आकडा निम्मा होतो. सुरुवातीला ५० होता, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ आहे. माल मर्यादित, मागणी वाढली तर भाव चढणार, एवढाच बिटकॉइनच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद. आणि तो पोकळ नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत थेट बिटकॉइन धरणाऱ्या ईटीएफना (शेअरसारखे घेता-विकता येणारे फंड) परवानगी मिळाली, तेव्हापासून मोठ्या संस्थांचा पैसाही यात येऊ लागला.

आता भाव बघा. डिसेंबर २०१७ मध्ये जवळपास २० हजार डॉलर. वर्षभरात ३,२०० च्या आसपास. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार. पुन्हा वर्षभरात १६ हजारांच्या खाली. डिसेंबर २०२४ मध्ये एक लाखाच्या पार. पाहिल्या पाहिल्या वाटतं, शेवटी चढतंच की. पण २०१७ च्या शिखरावर घेतलेल्याला आपला भाव पुन्हा दिसायला डिसेंबर २०२० उजाडला. तीन वर्षं. मध्ये एकदा त्याच्या लाखाचे सोळा-सतरा हजार झाले होते. ८० टक्के पडल्यावर मुद्दल परत यायला ८० टक्के चढून भागत नाही, पाचपट व्हावं लागतं. त्या दिवसांत घरी जेवताना कुणी सहज विचारलं, "काय म्हणतंय तुझं बिटकॉइन?" तर काय उत्तर द्याल? त्यावर तुम्ही टिकणार की विकून मोकळे होणार, ते ठरतं.

आणखी एक. शेअरमागे कंपनी असते, तिचा धंदा असतो, लाभांश मिळतो. एफडीला व्याज. फ्लॅटला भाडं. बिटकॉइन स्वतः काहीच कमावत नाही. पुढचा माणूस जास्त देईल हीच कमाई. सोन्याचंही तसंच आहे म्हणा, पण सोन्याची निदान पाटली करून लग्नात घालता येते.

बिटकॉइन आणि काही प्रमाणात इथर हे दुसरं मोठं नाणं सोडलं तर बाकी हजारो नाण्यांबद्दल मी गिऱ्हाइकांशी बोलायचंच टाळतो. लूनाचं उदाहरण पुरे आहे. मे २०२२ च्या सुरुवातीला ८० डॉलरच्या आसपास असलेलं हे नाणं आठवडाभरात पैशाच्या भावालाही उरलं नाही. त्याच्या जोडीचं यूएसटी तर कायम एक डॉलरचं राहील असं सांगितलं गेलं होतं. तेही गेलं. डॉलरला बांधलेलं म्हणजे सुरक्षित असं धरून चालू नका. यूएसडीसी हे बरंच सचोटीचं मानलं जाणारं नाणंसुद्धा मार्च २०२३ मध्ये, सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा, थोडा वेळ ९० सेंटच्या खाली घसरलं होतं. कारण त्याच्या राखीव निधीचा एक भाग त्याच बँकेत होता. ते सावरलं, लूना सावरलं नाही.

पायरी ३: रक्कम ठरवा, आणि ती गेली असं समजून घरचा हिशेब करा

मी गिऱ्हाइकाला साधं गणित देतो. दहा लाखांची एकूण बचत आहे. त्यातले ३ टक्के, म्हणजे ३०,००० क्रिप्टोत. उरलेले ९ लाख ७० हजार सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ६७,९०० व्याज येतं. क्रिप्टो पार शून्य झालं तरी सहा महिन्यांच्या व्याजात खड्डा भरला. उलट ३०,००० चे ९०,००० झाले, तर ६०,००० नफा, त्यातून १८,७२० कर, हातात ४१,२८०. बरे पैसे आहेत, आयुष्य बदलणारे नाहीत. "मग एवढ्यासाठी कशाला?" असं वाटत असेल तर घेऊ नका, काही बिघडत नाही. "मग तीन लाख घालतो" असं वाटत असेल तर आधी तीन लाख गेल्यावर मुलीची फी कुठून येणार ते बायकोसमोर बसून लिहा.

कर्ज काढून, क्रेडिट कार्डावर, सोनं गहाण ठेवून अजिबात नको. आणि एक्स्चेंजवर दहापट उचल देणारं फ्युचर्सचं बटण दिसतं, तिकडे बोटही नेऊ नका. दहापट उचलीत भाव दहा टक्के विरुद्ध गेला की तुमची सगळी रक्कम साफ. बिटकॉइनच्या बाबतीत दहा टक्के ही एखाद्या वाईट दिवसाची गोष्ट आहे.

ठरलेली रक्कम एकदम घालू नका. ३०,००० असतील तर महिन्याला अडीच हजार, बारा महिने. भाव अचूक गाठता येत नाही हे मान्य केलं की डोकं शांत राहतं.

पायरी ४: घेणार कुणाकडून

मार्च २०२३ पासून क्रिप्टोचे व्यवहार करून देणाऱ्या कंपन्या पीएमएलए, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या, कायद्याखाली आल्या. त्यांनी फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये या युनिटने नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या होत्या. जगात सर्वांत मोठं मानलं जाणारं बायनान्सही त्यात होतं, आणि त्याला पुढे जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला. तेव्हा ॲप डाउनलोड करण्याआधी नोंदणी आहे की नाही एवढं बघाच.

पण नोंदणी म्हणजे हमी नव्हे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, शेअर बाजारावर सेबी असते. इथे दोन्ही नाहीत. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून, म्हणजे नाणी ठेवायच्या डिजिटल तिजोरीतून, सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ग्राहकांच्या ठेव्यातला जवळपास निम्मा हिस्सा. व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला, मधल्या काळात प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात. ज्यांनी काही चूक केली नव्हती, भावही योग्य धरला होता, ते सव्वा वर्ष नुसते स्क्रीनकडे बघत बसले, आणि त्याच काळात बिटकॉइन लाख डॉलरच्या पुढे गेलं. परदेशातही हेच. माउंट गॉक्स हे एक्स्चेंज २०१४ मध्ये बुडालं, एफटीएक्स नोव्हेंबर २०२२ मध्ये, आणि त्याच्या संस्थापकाला २५ वर्षांची शिक्षा झाली.

दोन गोष्टी तपासा. एक: तिथून कॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून नेता येतं का? काही ॲपवर फक्त रुपयात विकता येतं. तिथे तुमच्याकडे कॉइन नसतं, कॉइनचा आकडा असतो. दोन: आर्थिक वर्षाचं पूर्ण स्टेटमेंट, प्रत्येक व्यवहाराच्या तारखेसकट, उतरवून घेता येतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर जुलैत माझ्याकडे येऊ नका, खरंच.

आता पी टू पी. म्हणजे एक्स्चेंजवर, किंवा टेलिग्रामवर, दुसऱ्या माणसाला थेट कॉइन विकायचं आणि त्याने तुमच्या खात्यात यूपीआयने पैसे टाकायचे. भाव दोन-तीन टक्के जास्त मिळतो. का मिळतो? कारण समोरचा बऱ्याचदा चोरीचा पैसा पांढरा करत असतो. कुणा आजीबाईंना 'डिजिटल अरेस्ट' करून लुबाडलेले पैसे दोन खात्यांतून फिरून तुमच्याकडे येतात. आजीबाई तक्रार करतात, सायबर पोलीस पैशाचा माग काढतात आणि तुमची बँक खातं गोठवते. माझ्या एका गिऱ्हाइकाचं पगाराचं खातं असं गोठलं. ४१ हजारांच्या एका एंट्रीसाठी. तक्रार दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्यात. घराचा हप्ता बाऊन्स झाला, दोन महिने मेव्हण्याकडून उसने. त्याने कॉइन विकल्याचे सगळे पुरावे होते, शेवटी खातं सुटलंही, पण दोन टक्के जास्त मिळवण्यासाठी काय झालं ते बघा. पी टू पी करूच नका.

पायरी ५: हजार रुपयांची पहिली फेरी

ही पायरी कुणी करत नाही, आणि मला विचाराल तर हीच सर्वांत महत्त्वाची. मोठी रक्कम घालण्याआधी हजार रुपये आत घाला आणि परत बँकेत आणा. पूर्ण फेरी.

मी स्वतः केली तेव्हाची नोंद वहीत आहे. केवायसीला दीड दिवस गेला. पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव यात आडनावाच्या आधीच्या एका अक्षराचा फरक, म्हणून पहिल्यांदा नाकारलं. हजार रुपये पाठवले, लगेच आले. बिटकॉइन घेतलं. घेताच ॲपवर किंमत ९८० दिसू लागली. भाव पडला नव्हता. घ्यायचा भाव आणि विकायचा भाव यांत तेवढी फट होती. वर फी, फीवर १८ टक्के जीएसटी. पाच मिनिटांनी विकलं, टीडीएस कापला गेला, पैसे बँकेत मागवले, दुसऱ्या दिवशी दुपारी आले. ९५८ रुपये. म्हणजे बाजार जागचा हलला नाही तरी एका फेरीत चार टक्क्यांहून जास्त गेले, त्यातले सुमारे दहा रुपयेच टीडीएसच्या रूपाने पुढे हिशेबात परत येणारे.

हे बेचाळीस रुपये म्हणजे शिकवणीची फी समजा. आता तुम्हाला माहीत आहे की पैसे बाहेर येतात, किती वेळात येतात, किती कापून येतात, स्टेटमेंट कसं दिसतं. काही महिन्यांनी २६ एएसमध्ये (आयकर खात्याचा टीडीएसचा उतारा) ते दहा रुपये तुमच्या पॅनवर दिसतात का तेही बघा. दिसले नाहीत तर तो एक्स्चेंज बदला.

पायरी ६: कॉइन ठेवायचं कुठं

एक्स्चेंजवर ठेवलं तर किल्ली एक्स्चेंजकडे. स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवलं तर किल्ली तुमच्याकडे, आणि जबाबदारीही तुमचीच. पाच-दहा हजारांसाठी एवढा व्याप करू नका, एक्स्चेंजवर राहू द्या. मात्र पासवर्ड वेगळा ठेवा आणि ओटीपी एसएमएसवर न घेता ऑथेंटिकेटर ॲपवर घ्या. रक्कम वाढली, एखाद्या महिन्याच्या पगाराएवढी झाली, की स्वतःच्या वॉलेटचा विचार करा. फोनमधलं वॉलेट फुकट मिळतं. हार्डवेअर वॉलेट पेनड्राइव्हसारखं दिसतं, काही हजारांना येतं, आणि ते सेकंडहँड कधीही घेऊ नका. डबीत आधीच शब्द लिहिलेलं कार्ड निघालं तर ते शब्द विकणाऱ्याकडेही आहेत, एवढं समजा.

वॉलेट सुरू करताना ते बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. फोन हरवला, फुटला, तरी या शब्दांवरून सगळं परत मिळतं. आणि शब्द ज्याच्या हाती, कॉइन त्याचं. ओटीपी नाही, कस्टमर केअर नाही, ब्रँच मॅनेजर नाही. तेव्हा हे काम घाईत, चहा पिता पिता करू नका. रात्री जेवणं आटोपली की टेबल पुसून बसा. बॉलपेन घ्या, जेलपेन नको, ते पाण्याने पसरतं. प्रत्येक शब्दाला क्रमांक घाला, कारण क्रम चुकला तर उपयोग नाही. मोठ्या अक्षरांत लिहा. बहुतेक वॉलेट वापरतात ती यादी २,०४८ शब्दांची आहे आणि ती अशी बेतलेली आहे की कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. म्हणजे कागदाची कड फाटून शब्दाचं शेपूट गेलं तरी पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो. फोटो काढू नका. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवू नका. ईमेलच्या ड्राफ्टमध्ये नको. दोन प्रती करा, एक घरात, एक दुसऱ्या घरात किंवा लॉकरमध्ये.

मग परीक्षा. थोडंसं कॉइन त्या वॉलेटमध्ये पाठवा. वॉलेट ॲप फोनमधून काढून टाका. पुन्हा घाला आणि कागद बघून बारा शब्द भरा. रक्कम दिसली? आता मोठी रक्कम पाठवा. हे पाच मिनिटांचं काम न केलेला एक जण माझ्या ओळखीत आहे. त्याच्या कागदावर अकरा शब्द आहेत.

पाठवताना पत्ता कॉपी-पेस्ट करा आणि सुरुवातीची व शेवटची पाच-सहा अक्षरं डोळ्यांनी जुळवा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारी व्हायरसची जात आहे. नेटवर्क, म्हणजे कोणत्या ब्लॉकचेनवरून पाठवताय, कोणतं निवडलंय ते बघा. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं बिटकॉइन परत आणता येत नाही, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आले तरी.

पायरी ७: फसवणूक ओळखा

पुण्याच्या वाचकांना गेनबिटकॉइन आठवत असेल. अमित भारद्वाजची ही योजना दरमहा १० टक्के, अठरा महिने, असं आश्वासन देत होती. लोकांनी बिटकॉइन दिले, साखळी पद्धतीने ओळखीपाळखीचे आणले, नंतर परतफेड बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या घरच्याच नाण्यात सुरू झाली. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला पकडलं. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला, तपास पुढे सीबीआयकडे गेला. मधला भाग तर कादंबरीत शोभेल असा. तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी आरोपींची नाणी वळवल्याच्या आरोपावरून अटक केली.

आता साखळी योजनेची जागा टेलिग्रामने घेतली आहे. अनोळखी बाईचा किंवा 'मेंटर'चा मेसेज, गोड बोलणं, मग एक ॲप, त्यात पाच हजारांचे आठ हजार दिसतात, दोन हजार काढूनही देतात. तिथेच विश्वास बसतो. मोठी रक्कम गेली की पैसे काढताना "आधी ३० टक्के कर भरा" म्हणतात. लक्षात ठेवा, भारतात कर तुम्ही सरकारला भरता, कुठल्याही ॲपला पैसे काढण्यापूर्वी भरत नाही. फसलात तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसा पुढे सरकण्याआधी खातं गोठवलं तरच काही हाती लागतं. "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो" म्हणणारा वकील किंवा हॅकर म्हणजे आगीतून फुफाट्यात.

पायरी ८: घरात एकाला तरी सांगा

बँकेत नॉमिनी असतो. वॉलेटला नसतो. तुम्हाला काही झालं तर घरच्यांना कॉइन आहे हेच कळणार नाही. एका पाकिटात कोणत्या एक्स्चेंजवर खातं आहे, वॉलेट कोणतं, कागद कुठे ठेवलाय, एवढं लिहून ठेवा. शब्द त्या पाकिटात नकोत. आणि पाकीट कुठे आहे ते बायकोला किंवा भावाला दाखवा. आमच्याकडे ते एलआयसीच्या फायलीत आहे.

पायरी ९: विक्री आणि रिटर्न

विकायचं कधी हे घेतानाच वहीत लिहा. दुप्पट झालं की मुद्दल काढायची, किंवा मुलाच्या ॲडमिशनच्या वर्षी सगळं काढायचं, काहीही. पण आधी लिहा. चढत्या बाजारात माणसाला सुचत नाही आणि पडत्या बाजारात झोप येत नाही. विकलंत की नफ्याचे ३१.२ टक्के लगेच बाजूला एफडीत टाका. हे पैसे तुमचे नाहीतच. वर्षाचा एकूण देय कर १० हजारांवर जात असेल तर ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागतो, शेवटचा हप्ता १५ मार्चला. नाहीतर व्याजाचा भुर्दंड.

रिटर्न आयटीआर १ मध्ये चालत नाही. आयटीआर २, धंदा असेल तर ३. त्यात 'शेड्युल व्हीडीए' असतं, तिथे प्रत्येक विक्रीची तारीख, खरेदीची तारीख, किंमत, मिळालेली रक्कम भरायची. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच स्टेटमेंट उतरवून घ्या. ॲप जुलैपर्यंत टिकेल असं धरून चालू नका.

तो साठ हजारवाला पोरगा आता शहाणा झालाय. यंदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "सर, एक कॉइन तोट्यात आहे. ३१ तारखेच्या आत विकून तोटा बुक करू का? शेअरमध्ये करतात तसं?" म्हटलं, विकायचं तर बाजार बघून वीक, करासाठी नको. हा तोटा कशातच धरला जात नाही. थोडा वेळ गप्प राहिला.

"मग राहू दे," म्हणाला. "निदान टीडीएस तरी वाचेल."